घाम आहे, कबुलीजबाब नाही!

गुरुवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. वर्तमानपत्राची कचेरी, तिसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली. खिडक्या बंद, एसी बंद, माणसं चौदा. आणि त्या चौदांत निथळत होतो एकटा मी! आता यात बातमी काय, तुम्हीच सांगा? एकतीस वर्षं मी घामाघूम होऊनच बातम्या आणल्यात... आगीच्या, मोर्च्यांच्या, कोसळलेल्या पुलांच्या... तेव्हा कुणी साधा रुमाल पुढे केला नाही, आणि त्या दिवशी मात्र माझ्या घामाची चौकशी!

तुम्हाला सांगतो, कंपनीनं एक फिटनेसवाला आणला. वय सव्वीस, दंड माझ्या मांडीएवढे. फर्मान असं की जो चाचणीत नापास, त्याची फिरती बंद, तो टेबलावर. टेबलावर म्हणजे? दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्यांच्या वेलांट्या दुरुस्त करत बसायचं, निवृत्त होईपर्यंत! मी? अहो, ज्याला रविवारीसुद्धा घर खायला उठतं, तो मी!

चाचणी काय, तर तीन मजले जिना चढा आणि दहा मिनिटं खुर्चीत बसा. मी जिन्यानं आलो. संपादकसाहेब लिफ्टनं आले, त्या बंद खोलीत स्वेटर घालून बसले... कोरडे ठणठणीत! म्हणून पास! आणि मला हा पोरगा म्हणतो, "काका, केवढा घाम! मेटाबॉलिझम फार स्लो आहे तुमचं."

म्हटलं, "काका कुणाला म्हणतोस? आणि परवा खाली तूच ओरडत होतास ना, घाम गाळा, मेटाबॉलिझम फास्ट होतं म्हणून?"

"तो व्यायामाचा घाम, काका. हा बसल्याचा घाम."

घ्या! म्हणजे घामातही उभ्याचा वेगळा, बसल्याचा वेगळा! वर साहेब गळा साफ करून, अगदी हळू आवाजात, "इतकं अस्वस्थ व्हायला काय झालं? काही लपवताय का आमच्यापासून?"

घाम आहे हो साहेब, कबुलीजबाब नाही!

तडक आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, वही काढली, एकेक प्रश्न विचारला. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अहो, चयापचय म्हणजे पोटातली भट्टी समजा. झोपेतही चालूच. अन्न जळतं, उष्णता होते, आणि ती जास्त झाली की शरीर घाम काढून स्वतःला गार करतं. जिना चढलात, देह भारी, खोली कोंदट... घाम नाही येणार तर काय येणार? कुणाला धो धो, कुणाला थेंबभर. त्यावरून चयापचय मोजता येत नाही."

"मग घामानं वजन घटतं ते?"

"पाणी जातं हो. दोन ग्लास प्यालात की परत जागेवर! आणि ज्यांचं चयापचय खरोखर मंद असतं ना, त्यांना घाम कमी येतो, उलट थंडी वाजते."

थंडी! माझ्या डोळ्यांसमोर तो स्वेटर उभा राहिला... वहीत लिहून ठेवलं.

रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं. सगळं ठीक. घरी बायको म्हणते, "लग्नाचं विचारायला आलात तेव्हाही असेच निथळत होतात. बाबा म्हणाले, हा नक्की थापा मारतोय. मीच म्हटलं, बाबा, घाम आहे, कबुलीजबाब नाही!" बघा! हिला कळतं, कंपनीला कळत नाही!

शनिवारी रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर आपटला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. "चाचणीचा निकाल शास्त्रीय आहे," म्हणाले, आणि ड्रॉवरमधून माझ्या बदलीचं पत्र काढून दिलं. परवापासून टेबल.

आता जन्माची खोड, कुठलाही कागद हातात आला की आधी तारीख बघायची. बघितली.

घाम मला फुटला गुरुवारी. त्या घामामुळे बदली करण्याच्या पत्रावर सही आहे त्याआधीच्या सोमवारची. लेखी विचारलंय. आज एकविसावा दिवस... उत्तर नाही.