सॉस आधीच चोपडला

अरे, परवा काय झालं माहितीये? सासूबाई डोंबिवलीहून पहिल्यांदाच आमच्या घोडबंदरच्या घरी आलेल्या. म्हटलं, जावयाच्या हातच्या चिकन विंग्ज खाऊ घालू, एअर फ्रायरमध्ये, एकदम कुरकुरीत. बार्बेक्यू सॉस शेवटी लावायचा असतो, मी उत्साहात आधीच चोपडला. तो जळाला, घरभर धूर झाला आणि फायर अलार्म बोंबलायला लागला. अख्खी सोसायटी धावत खाली. मी सासूबाईंचा हात धरून गर्दीत गुपचूप उभा.

सेक्रेटरी धापा टाकत ओरडले, "अहो, कुठली विंग जळतेय?"

सासूबाई कळवळून म्हणाल्या, "एक असती तर चाललं असतं हो, बाराच्या बारा विंगा जळाल्या!"

सेक्रेटरी पांढरेफटक पडले. "पण आपल्याकडे तर तीनच आहेत!"