डाव्या हाताची बिडी

(तुमसरजवळचं एक खेडं, १९७९. दिवस कलतीला आलेला. अंगणात रंभाबाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते आहे. नववीतली तिची मुलगी वच्छला शाळेतून आली आहे. बाप धनीराम, राइस मिलमधला हमाल, ओट्यावर टेकलेला.)

वच्छला : सांग ना आई, तू बिडी कारखान्याच्या मुन्शीचा हात धरला हे खरं का खोटं? कुंता अन् तारा म्हणे, हिंमत असंल तर विचारून दाखव. मी म्हटलं, त्यात कायची हिंमत? माझीच तर आई आहे!

आई : पहिले दप्तर ठेव. अन् पानायवर पाय देऊ नोको, भिजवून ठेवले हायेत.

वच्छला : ठेवलं. धरला काय?

आई : मनगट धरलं.

वच्छला : आई वो! मनगट! साऱ्या बायांसमोर!

आई : वरडू नोको. माह्या बिड्या खराब म्हनून छाटून आपल्या पेटीत टाकून राहिला होता. मी म्हनलं, भाऊ, खराब हायेत ना? मंग माह्यासमोर मोड. खराब माल पेटीत कायले ठेवतं?

वच्छला : मग?

आई : मंग काय! तो म्हने, रंभाबाई, हात सोड. मी म्हनलं, तू बिडी मोड.

वच्छला : हात सोड, बिडी मोड! हात सोड, बिडी मोड! बाप्पा, हे तर गाणंच झालं! उद्या मधल्या सुट्टीत म्हणतो.

आई : हास तू. माहे पाय लटलट कापत होते. मागून बायजाबाई उठली, म्हने माह्या बी मोड. मंग साऱ्याच बाया उठल्या. मोडल्या त्यानं. टोपलंभर भुसा झाला. आपल्याच हातच्या होत्या ना, पोरी.

वच्छला : आमच्या नागरिकशास्त्रात हक्कांचा धडा आहे. त्यात तुझा फोटो पाहिजे होता! पण आई, इतकी वर्षं तर गुपचूप छाट सोसत होतीस. त्याच दिवशी काय झालं?

आई : बापाले विचार.

बाबा : मले कायले? मी तं फक्त बिडी पेटवत होतो. बपेऱ्याच्या बाजारात बिड्यायचा कट्टा घेतला, वर आपल्याच कारखान्याचा कागद. एक काढली, पाहतो तं टोक उलटं दुमडलेलं. दुसरी काढली, ते बी उलटं.

वच्छला : उलटं... म्हणजे माझ्यासारखं?

बाबा : गावात डाव्या हातानं टोक दुमडनारं दुसरं कोन हाये? पेटवलीच नाही मी. तसाच कट्टा खिशात घालून घरी आलो.

वच्छला : पण मी टोक दुमडलेल्या बिड्या तर मुन्शी दर वेळी छाटतो! 'उलटी बिडी गिऱ्हाईक घेत नाही' म्हणतो! म्हणजे छाटायच्या अन् वरून विकायच्या? अन् मी वेडी रडत होती, माझ्यापायी आईची मेहनत फुकट जाते म्हणून. मी तर लपून उजव्या हातानं...

आई : मालूम हाये मले. बोटाले चिरा पडल्या होत्या तुह्या. म्हनून तं मनगट धरलं.

वच्छला : आई...

आई : रडू नोको आता. पानं उचल.

बाबा : सोमवारी भंडाऱ्याचा सरकारी लेबर साहेब येऊन राहिला ह्या छाटीच्या चौकशीले. मुन्शीचा ठेकेदार सांगत फिरते का छाट आमी जाळतो, बाया खोट्या हायेत.

वच्छला : मग कट्टा ठेवा ना साहेबासमोर!

बाबा : अन् त्यानं विचारलं, ह्या कोनाच्या हातच्या? शाळेतल्या पोरीले बिडीले बसवलं म्हनून तुह्या आईवरच उलटंल.

आई : मी नाही काढत कट्टा. तुहं नाव बी नाही घेत. तोंडानं सांगीन, मानलं तं मानलं.

वच्छला : अन् नाही मानलं तर?

आई : तं ठेकेदार पान देनं बंद करंल. मले, बायजाबाईले, साऱ्यायले.

बाबा : म्हनून म्हनतो, माफी मागून टाक.

आई : ते नाही होत माह्यानं.

वच्छला : आई, बाबा, इकडं पाहा. सोमवारी मी शाळेत जात नाही. मी साहेबासमोर सूप घेऊन बसणार. तू बिडी वळशील, मी टोक दुमडीन. मग त्यानं कट्टा उघडून स्वतःच पाहावं.

बाबा : अन् कामाले कोनं लावलं, असं विचारंल तं?

वच्छला : सांगीन, कोणी नाही लावलं. आईची बोटं सुजतात, मले दिसते. अन् मी वर्गात पहिली आहे, हेही सांगीन. न विचारता सांगीन!

आई : वच्छे, भेव नाही वाटत तुले?

वच्छला : वाटते ना. पाय कापतील, तुझ्यासारखेच. तुम्ही फक्त कट्टा आणा, बाबा. डावा हात मी आणतो.