टोपीची कड

हॅलो?… हॅलो, आई? हां, बोला.

नाही, रस्त्यात नाही. दुकानातच आहे अजून.

हो, मोजे मिळाले… पिवळे नव्हते, पांढरे घेतले. अहो हो, बिल झालं. हातातच आहे बिल.

नाही, गर्दी नाही… म्हणजे… आई, तुम्ही आधी खाली बसता का जरा?… ढब्बू बरी आहे! ढब्बूला काही झालेलं नाही. मांडीवर आहे माझ्या, मोज्यांचा पुठ्ठा चघळतेय.

मी पण बरी आहे… आई, ऐका ना. आधी ऐकून घ्या, मग काय ओरडायचं ते ओरडा. मला इथे थांबवून ठेवलंय.

कोणी म्हणजे, दुकानवाल्यांनी… मागच्या खोलीत. जिन्याखाली एक खोली आहे. खोके, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर टीव्ही, त्यात सगळं दुकान दिसतं. खिडकी नाही.

अहो, बाहेर पडताना ते मशीन वाजलं. दाराशी दोन खांब असतात ना, मधून जायचं असतं… हां, तेच. असं कोकललं की अख्खं दुकान वळून बघायला लागलं.

चोरी! चोरीच, दुसरं काय? बिल न करता काहीतरी नेतेय म्हणे मी.

हो ना… हो ना… अहो, मी तेच म्हटलं! म्हटलं, ही पिशवी, बघा. तिथेच दारात पालथी घातली त्यांनी. लंगोट, बाटली, ओलं फडकं, सगळं फरशीवर. आणि एक बाई आपल्या मुलाला म्हणते, बघ, असं करायचं नसतं. माझ्या तोंडावर, आई! मी वाकून लंगोट गोळा करतेय आणि ती माझ्याकडे बोट दाखवून मुलाला धडा शिकवतेय.

नाही, काहीच नाही सापडलं. असलं तर सापडेल ना! मग म्हणाले, पिशवी ठेवून जा. गेले, वाजलं. बाबागाडी ठेवून जा. वाजलं. जाकीट काढलं, वाजलं. चपला काढायला लावल्या… हो, अनवाणी. सहा वेळा त्या खांबांमधून ये-जा केली मी. हिला वाटलं, खेळच चाललाय. वाजलं की खिदळायची. दुकानाचे साहेब म्हणाले, पोर चांगली तयार केलीत.

म्हणाले ना. म्हणाले, आता बाळाला इकडे द्या आणि एकट्या जा… नाही दिली. कशी देऊ? परक्याच्या हातात गेली की काय करते, तुम्हाला माहीत नाही का? श्वास धरून बसते, ओठ निळे पडतात. मी म्हटलं, बाळ नाही देणार. तिथेच माझं फसलं. साहेबांनी असं बघितलं माझ्याकडे… म्हणाले, बाळ का सोडवत नाही हो तुम्हाला?

यांना लावला फोन. बंद. लॉकरमध्ये असतो ना शिफ्ट सुटेपर्यंत… पाच वाजता. आत्ता अडीचच होतायत.

— नाही ताई, घरचाच फोन आहे. सासूबाई. साहेबांनीच सांगितलं, फोन घ्या म्हणून.

काही नाही, ती रखवालदार ताई आहे इथे बसलेली, तिला म्हटलं… बरी आहे हो, नुसती बघत बसते.

आत येताना? अहो, तेच तर! आत येताना पण वाजलं होतं! तेव्हा दारावर दुसरा माणूस होता. हिच्याकडे बघून हसला, म्हणाला, जा हो वहिनी, हे उगीच वाजतं. आता बोलावलं त्याला, जेवून आला. म्हणतो, मला नाही आठवत… आठवेल कसं? वाजत असताना आत सोडलं म्हणून उद्या त्याचीच मान पकडतील. माझ्याकडे बघत पण नव्हता बिचारा… बिचारा म्हणजे काय, मेलाच तो, पण काय करणार.

कागद ठेवलाय समोर. छापील आहे. खाली सही करा म्हणतात. ‘मी वस्तू बिल न करता नेत होते, चूक मान्य आहे, पुन्हा या दुकानात पाऊल ठेवणार नाही.’ सही केली की मागच्या दाराने सोडतात लगेच. नाही केली तर पोलीस.

नाही केली अजून… आई, सही केली की फोटो काढतात. फोटो त्यांच्या सगळ्या दुकानांत जातो, आणि कामाच्या ठिकाणी कळवतात. सोमवारी मी कामावर हजर व्हायचं. औषधांच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईवर चोरीचा शिक्का, मग कपाटाची किल्ली कोण देईल माझ्या हातात?

मोजे नाही हो, मोज्यांवर काही नाही, ते तपासले… जाकीट जुनंच… बाबागाडी पण… आई, सगळं काढून झालं.

काय?… टोपी? हो, घातलीय की. कालच शिवलीत, आज पहिल्यांदा घालून आणलं तिला बाहेर. काय छान बसलीय! वरती त्या कपड्यांच्या विभागात दोघींनी विचारलं, कुठून घेतली. म्हटलं, आमच्या घरची आहे. पुढची कड काय ताठ राहते, उन्हाचा कवडसा पण नाही येत डोळ्यांवर…

आई?

आई, आहात ना?

काय कशात घातलंय?… नीट बोला. आवाज का असा येतोय तुमचा?… परत सांगा.

…

हं.

…हं.

— ताई, जरा पाणी मिळेल का प्यायला? हिच्या बाटलीत पण हवंय. थोडं कोमट मिळालं तर… थँक्यू हां.

गेली. आई, बोला, लवकर बोला. दुकानाच्या कपड्यांना त्या वाजणाऱ्या पट्ट्या असतात, त्या तुम्ही टोपीच्या कडेत शिवल्यात?

किती?… चार!

अहो, पण त्या परत द्यायच्या असतात ना! या दुकानाची पँट तुमच्याकडे आखूड करायला आली की पट्टी काढायची, इस्त्री करायची, आणि पट्टी पाकिटात घालून परत पाठवायची. तुम्हीच सांगितलंत मला पहिल्या दिवशी. इस्त्रीने वितळतात म्हणून काढायच्या…

शिलाई मशीनखाली?… बरं… पाकीट गेल्यावर सापडल्या… हो, हो, समजलं. फेकवेना तुम्हाला. चिंधीचं सोनं करायची सवय तुमची…

बोटाएवढी, पातळ, धुतली तरी मोडत नाही… अहो आई, गुण कसले सांगताय मला तिचे! तिच्या गुणांनीच बसलेय मी इथे!

नाही… नाही हो, ओरडत नाही. ओरडत नाहीये. रडू नका. तुम्हाला काय माहीत असणार, टाकाऊ झाली तरी ती वाजते. मला तरी कुठे माहीत होतं. पोरीच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून केलंत तुम्ही. कळतंय मला.

ऐका. ती यायच्या आत ऐका. टोपी काढून दाखवली तर मी सुटले, हे खरं. पण पट्ट्यांवर दुकानाचं नाव असतं ना?… असतं. मग विचारतील, या तुमच्याकडे आल्या कुठून. मग सांगावं लागेल, की माझ्या सासूबाई तुमच्याच दुरुस्ती विभागाच्या पँट शिवतात घरी. आणि त्यांनी त्या ठेवून घेतल्या.

ठेवून घेतल्या नाहीत, माहितीय मला! पण ते काय म्हणतील? मशीनखाली सापडल्या, हे कोण ऐकणार? इथे ‘आत येताना पण वाजलं’ एवढं कोणी ऐकत नाही.

कचऱ्याचा डबा? आहे… आई, काहीतरीच! कॅमेरा आहे वर. आणि डब्यात सापडली की मग तर मी खरीच चोर. आत्ता निदान खोटी आहे.

तुमचं काम जाईल. हो. जाईलच, आई, मी तुम्हाला खोटं कशाला सांगू?

…

मला माहितीय. पहिला गठ्ठा आला त्या दिवशी तुम्ही कपाट हलवून मशीन खिडकीशी घेतलंत. मामंजी म्हणाले, या वयात कसलं काम. तर तुम्ही म्हणालात, माझं काम. सगळ्या घरात तेवढी एक वस्तू तुमची. मी बघितलंय ना. दुरुस्तीच्या त्या बाईंनी निरोप पाठवला होता, तुमचा टाका उलट्या बाजूनेही दिसत नाही, तर तुम्ही चार दिवस तेच सांगत होतात, दूधवाल्याला पण.

आई, एक सांगू? मी सही केली तर टोपीकडे कोणी बघणार पण नाही. मागच्या दाराला खांब नाहीत. हिला घेऊन सरळ घरी येते. तुमचं कोणाला कळणार नाही. यांना पण नाही सांगणार… माझं काय, मी बघेन दुसरं काहीतरी. घरी बसेन थोडे दिवस…

नाही, चिडून नाही म्हणत. खरंच म्हणतेय. पण वेळ नाही. वरच्या मजल्यावरून झडती घेणारी बाई येतेय. पडद्यामागे नेऊन सगळं काढणार माझं, आणि हिचं पण. तिने टोपीला हात लावला आणि कळलं, की मग सहीही गेली आणि खरं बोलणंही गेलं. त्याच्या आत काय ते ठरवायला हवं.

तुम्ही सांगाल तसं करते. तुमचं नाव घेऊ का? नको म्हणालात तर नाही घेणार. देवाशपथ नाही घेणार. पण तुम्ही सांगा.

…

आई?

…

— इथेच ठेवा ताई, टेबलावर. नाही, नाही, बरोबर आहे, कोमटच हवं होतं.

…

आई, बोला ना.

— हो, आल्या का त्या?… एक मिनिट थांबा. एकच मिनिट. बाळ मांडीवर आहे, पाणी पाजू दे… हो, मला कळतंय तुम्हाला वर कामं आहेत. मला काय हौस आहे का इथे बसायची?

आई, त्या आल्या.

…

काय?… कुठल्या कानाकडे?

डाव्या.

डाव्या कानाजवळ… हो, आहे गाठ. लागली हाताला… तिथून उसवायचं. बाकी कुठे ओढायचं नाही, कापड विरेल… हो.

आई, नक्की ना?… हो. बरं.

कात्री नको, हो, कात्री नको. लंगोटाची पिन आहे माझ्याकडे… आधी टोपी काढते हिची. डोकं धरून, हो. धरलंय.

— थांबा, बाई. पडद्यामागे नको. इथेच, सगळ्यांसमोर. साहेबांना पण बोलवा. मशीन कशाने वाजतंय ते दाखवते.

नाही, पिन जात नाहीये धाग्याखाली म्हणून वेळ लागतोय… वरचा धागा की खालचा?… खालचा. सुटला… आला, आला. किती बारीक घातलाय हो टाका! दिसत पण नाही.

— बसा ना साहेब. हे बघा. टोपीच्या कडेत आहे. एक… दोन… नाही, मी नाही घातल्या. मला साधं बटण लावता येत नाही, विचारा कोणालाही… सांगते. तेच सांगतेय.

आई, विचारतायत. कोणी शिवली म्हणून.

…हो. नाव घेऊनच सांगू? बरं.

— माझ्या सासूबाईंनी. ह्याच, फोनवर आहेत त्या. तुमच्या दुरुस्ती विभागाच्या पँट येतात ना आखूड होऊन, त्या ह्या घरी करतात. पाकीट पाठवून झाल्यावर ह्या चार मशीनखाली सापडल्या, त्यांना वाटलं टाकाऊ झाल्या. नातीच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून घातल्या. हेच खरं आहे. आता त्या खांबांपाशी टोपी न्या आणि माझी मुलगी माझ्याकडेच राहू द्या.

आई, सांगितलं. तुमचं नाव घेऊन सांगितलं.

…साहेब उठले. टोपी घेऊन गेले दाराकडे… वाजलं. ऐकलंत? माझ्याशिवाय वाजलं!

आले परत. टोपी उलटी करून बघतायत. त्या झडतीच्या बाईंनी घेतली आता हातात, आतून टाके बघतायत… रखवालदार ताई पण उठून आली बघायला. टाक्यावर बोट फिरवतेय. म्हणते, हाताने घातलाय का मशीनने… हाताने, म्हटलं.

साहेब कोणाला तरी फोन लावतायत. दुरुस्तीच्या बाईंना वाटतं. हो, त्यांनाच. तुमचं नाव घेतलं आत्ता… नाही, काय म्हणतायत ते ऐकू येत नाही. पाठ केलीय माझ्याकडे. मान हलवतायत नुसती.

कागद?… कागद उचलून घेतला समोरून. फाडला नाही, खणात ठेवला… आम्हाला जायला सांगितलं नाही अजून. मी विचारलं पण नाही. धीर होत नाही.

हिचं काय, हिला काही नाही. झोपली. उघड्या डोक्याने, माझ्या हातावर.

आई, तो आवाज कसला येतोय? मशीनचा आहे का?… शिवताय तुम्ही? आत्ता?

किती पँट राहिल्यात गठ्ठ्यातल्या?… तीन.

मग करा पुऱ्या… नाही, वेड्यासारखं नाही काही. संध्याकाळी गठ्ठा न्यायला कोणी येवो न येवो, अर्धवट नको तुमच्या हातचं काम. मी आहे ना इथे. कळलं की लगेच सांगते.

…हो. हो, आई.

ठेवा आता. मानेत फोन धरून नका शिवू. दोन्ही हात लागतात त्याला.