पश्चिम कोपऱ्याचे लाल निशाण

बोरमाळ पोलीस दूरक्षेत्र, तालुका जिल्हा धुळे
दिनांक १४ फेब्रुवारी २०२५

माझे नाव लिलाबाई मोतीलाल बैसाणे, वय अंदाजे ५५ वर्षे, धंदा हवाई पट्टी व रेंजवर ठेकेदाराकडे रोजंदारी, राहणार बौद्धवाडा, मौजे बोरमाळ. आज रोजी दूरक्षेत्रात हवालदार जीवराम यांच्यासमक्ष हजर राहून, मला विचारले ते आणि न विचारलेले परंतु सांगण्यासारखे आहे ते, असे दोन्ही लिहून देते की,

मी वरील ठिकाणी पती मोतीलाल यांच्यासह राहते. पती शेतमजुरी करतात. मुलगी स्नेहल जळगावला मेहरूण भागात राहते, तेथे एका खाजगी दवाखान्यात परिचारिका आहे. नवल देवरे यांनी माझ्याविरुद्ध जो तक्रारी अर्ज दिला आहे, तो मला वाचून दाखवला. नवल हे ठेकेदाराचे सुपरवायझर असून आमच्याच गावचे आहेत. मी त्यांना काठीने मारले, सरकारी कामात अडथळा आणला आणि रेंजमध्ये माणूस असल्याची खोटी बतावणी केली, असे अर्जात आहे. यातील काठीने मारले हे खरे आहे. बाकीचे खरे नाही.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला सैन्याची हवाई पट्टी आहे आणि पट्टीच्या पलीकडे विमानांनी बॉम्ब टाकण्याचा सराव करायची जागा आहे. तिला आम्ही रेंज म्हणतो. ते पूर्वी गावाचे चराऊ रान होते. मी लग्न होऊन आले तेव्हा तेथे तारेचे कुंपण झालेले होते. जवळपास वस्ती नाही, झाड म्हणावे तर बाभळी. चहाचे दुकानसुद्धा सोनगीरच्या रस्त्याला लागेपर्यंत मिळत नाही.

मी तेथे तरुणपणापासून कामाला आहे. सुरुवातीला आम्ही बाया पट्टीच्या कडेचे गवत कापायचो. गवतात टिटव्यांची अंडी असायची. पक्षी विमानाच्या तोंडी जातात म्हणून अंडी उचलायचा हुकूम होता. आम्ही ती उचलून कुंपणाबाहेर नेऊन ठेवायचो. टिटव्या तेथे येत नसत, हे आम्हाला कळायचे, तरी ठेवायचो. रेंजच्या मधोमध जमिनीवर मोठे गोल आखलेले आहेत, त्यांवर विमाने नेम धरतात. त्या गोलांना चुना मारण्याचे कामही आमच्याकडे होते. उन्हात चुन्याने हात फाटायचे. जवान लोक बाहेरच्या मुलखातले, ते आम्हाला माताजी म्हणायचे, आमच्याकडची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा मागून घ्यायचे आणि डोळ्यांत पाणी आले तरी संपवायचे. लहान मुले आम्ही बाभळीला झोळी बांधून निजवायचो. विमान आधी यायचे आणि आवाज मागून. कोणीतरी "उनं वं!", म्हणजे आले गं, म्हणून ओरडली की सगळ्या बाया कानांवर हात ठेवून पालथ्या पडायच्या. उठल्यावर एकमेकींची तोंडे बघून हसायच्या. हे मी यासाठी सांगते की, मी रेंजची वैरी आहे असे अर्जात लिहिले आहे. माझे बहुतेक आयुष्य तेथे गेले आहे. तेथल्या कामाची मला लाज नाही.

आमच्यात कुंदाबाई नावाची बाई होती. ती मुक्ताईनगरकडची. तिची बोली आमच्यापेक्षा वेगळी, त्यावरून आम्ही तिला हसायचो आणि ती आम्हाला. स्नेहल तेव्हा शाळेत होती. एके दिवशी सराव होणार म्हणून आम्हाला काम अर्धे टाकून बाहेर काढले. आम्ही नाल्यापर्यंत आलो. कुंदाबाईची कळशी गोलाजवळ राहिली होती, ती आणायला ती मागे फिरली. मी तिला म्हटले की उद्या घे. ती म्हणाली, नवी आहे. कोपऱ्यावरच्या निशाणवाल्याने रान रिकामे असल्याची खूण दिली आणि विमाने आली.

तिला घोंगडीत घरी नेले.

चौकशीत असे ठरले की कुंदाबाई विनापरवाना आत शिरली. तिला सकाळी ठेकेदाराच्या ट्रॅक्टरवर बसवून आत नेले होते. मी तिच्या शेजारी बसले होते. आम्हा बायांपैकी कोणालाही त्यावेळी विचारले नाही. आज विचारले आहे म्हणून तेही यात लिहून घ्यावे. आपण म्हणालात की त्या गोष्टीचा या अर्जाशी संबंध नाही. माझ्या मते आहे.

त्यानंतर मी ठेकेदाराकडे निशाणाचे काम मागितले. ते काम असे असते. रेंजच्या चारही कोपऱ्यांवर उंच मचाण आहे. प्रत्येक मचाणावर एक जण उभा असतो, त्याच्याजवळ दोन निशाणे असतात. आपल्या बाजूचे रान रिकामे असेल तर हिरवे दाखवायचे, कोणी आत असेल किंवा शंका असेल तर लाल. टॉवरवरचे साहेब दुर्बिणीतून चारही कोपरे बघतात. चारही हिरवे दिसल्याशिवाय विमानाला बॉम्ब टाकू देत नाहीत. ठेकेदार मला म्हणाले, हे बाईचे काम नाही. मी म्हटले, मग बाईला मरायला तरी आत नेऊ नका. तेथे एक सार्जंट उभे होते. ते हिंदीत म्हणाले, यांना द्या. तेव्हापासून पश्चिमेचा कोपरा माझ्याकडे आहे.

दिनांक ११ फेब्रुवारी रोजी सकाळी मोठा सराव होता. बाहेरून मोठे अधिकारी येणार होते. त्यांच्यासाठी टॉवरजवळ मंडप घातला होता, खुर्च्यांना पांढरी कापडे चढवली होती. मी नेहमीप्रमाणे मचाणावर गेले. विमाने दुसरीकडून उडून निघाल्याचा निरोप आला. वेळ किती झाली होती ते मला नक्की सांगता येणार नाही, ऊन अजून कोवळे होते.

त्यावेळी नाल्याच्या काठाने आमच्या गावचे झुलाल आबा आत चालताना मला दिसले. ते बकऱ्या राखतात. वयस्कर आहेत, कानाने कमी ऐकतात. त्यांच्या पुढे एक बकरी होती, तिच्यामागे ते वाकून चालले होते. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही. ते नाल्यात उतरले, मग दिसेनासे झाले.

नवल देवरे मचाणाखाली होते. त्यांच्याजवळ वॉकीटॉकी होता. आबा आत आहेत हे मी वरून सांगितले, "आबा मजार शे. नालामा उतरना."

नवल यांनी दुर्बीण लावून पाहिले. म्हणाले, "कोनी नही शे. बकरी व्हई."

मी म्हटले, "मी मना डोयाघाई देखं."

ते म्हणाले, "अक्का, बाकीना तीन्ही कोपरा हिरवा व्हयनात. मोठला साहेब बठेल शेतस. हिरवं दाखाड."

मी म्हटले, "पहिले आबाले काढ, मंग दाखाडस."

त्यावर नवल यांनी मला न विचारता वॉकीटॉकीवर सांगितले की, पश्चिम कोपरा रिकामा आहे. ते मी ऐकले. मी लाल निशाण घेतले आणि मचाणाच्या कठड्यावर उभी राहून ते दोन्ही हातांनी हलवू लागले. नवल शिडीवरून वर आले. "उतर खाले, येडी! बठ्ठं वाटोयं करशी!" असे म्हणून त्यांनी निशाणाची काठी धरून ओढली. मी सोडली नाही. ते मला काही शब्द बोलले, ते माझ्या जातीवरून होते. ते शब्द मी आपणास सांगितले आहेत. त्याची फिर्याद वेगळी द्यावी लागते असे आपण म्हणालात. ती मी वेगळी देणार आहे.

पहिले विमान तोवर दिसू लागले होते. नवल यांनी पुन्हा काठी ओढली, तेव्हा मी ती सोडवून त्यांच्या मनगटावर मारली. एकदाच मारली. वॉकीटॉकी खाली पडून फुटला. तो चुकून फुटला. काठी चुकून लागलेली नाही, मी मारली आहे.

विमान आमच्या डोक्यावरून गेले आणि काही न टाकता वर उचलले गेले. दुसरेही तसेच गेले. टॉवरवरून सायरन वाजला आणि सराव थांबला. मी निशाण खाली घेतले नाही. जीप येऊन जवानांनी खाली बोलावले तेव्हा उतरले.

जवानांनी नाला शोधला. त्यांना माणूस मिळाला नाही. बकरी मिळाली नाही. नाला कुंपणाच्या रस्त्याखालून मोरीतून बाहेर जातो, तेथून माणूस वाकून जाऊ शकतो. हे मी त्यांना सांगितले. मंडपातले अधिकारी गाड्यांत बसून निघून गेले. ठेकेदाराने मला सगळ्यांसमोर विचारले की, बाई, तुझ्या डोक्यात अजून ती कुंदाबाईच आहे का? मी होय म्हटले. मला उद्यापासून येऊ नको असे सांगण्यात आले.

आपण झुलाल आबांना काल येथे बोलावून विचारले. त्यांनी सांगितले की, मी त्या दिवशी तापाने घरी पडून होतो. त्यांचे म्हणणे आपण मला ऐकवले आणि विचारले की, आता काय म्हणणे आहे. माझे म्हणणे तेच आहे. आबा रेंजमध्ये होते. आबांनी नाही का म्हटले तेही मला माहीत आहे. आत शिरल्याचा गुन्हा लागतो आणि बकऱ्या जप्त होतात. बकऱ्यांशिवाय त्यांच्याजवळ काही नाही. मी त्यांना खोटे ठरवायला आलेले नाही. परंतु ते घाबरले म्हणून मी पाहिलेले न पाहिलेले होत नाही.

आज माझा जबाब येथपर्यंत झाला असता झुलाल आबांच्या पत्नी भिकुबाई या दूरक्षेत्रात आल्या. आबा त्यांच्यामागे दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. भिकुबाई आपल्या टेबलाजवळ येऊन म्हणाल्या, "लिखी ल्या साहेब, तो मजार व्हता."

आपण त्यांना बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "घर उना तवय धोतरले बठ्ठा काटा व्हतात. दोन दिन जेवना नही. माले बोलना, इमान मना डोकावरथून गयं. आते बकऱ्या लई जा, नही ते त्याले लई जा. लिलाबाई नही ऱ्हाती ते मना कपायवर आज कुकू नही ऱ्हातं."

आपण दाराकडे बघून विचारले, "काय आबा, खरं आहे का?" आबांना ऐकू आले की नाही ते माहीत नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. मी त्यांना म्हटले, "आबा, सावलीमा बठा." ते बाकावर बसले.

भिकुबाईंचा जबाब स्वतंत्र घेणार असल्याचे आपण सांगितले. तो घ्यावा, परंतु माझा जबाब त्यावर उभा नाही. त्या आल्या नसत्या तरी मी हेच लिहून दिले असते. नाल्यात आबा नसते, खरोखर बकरीच असती, तरीही मी लालच दाखवले असते. मला शंका होती. शंका असेल तर लाल, असा हुकूम आहे, आणि तो हुकूम पाळून मी जाणूनबुजून लाल निशाण दाखवले. नवल यांना रिकाम्या खुर्च्यांची भीती वाटली, मला भरलेल्या नाल्याची.

नवल देवरे यांनी निरोप पाठवला आहे की, मी माफीनामा लिहून दिला तर ते अर्ज मागे घेतील आणि ठेकेदार मला गवत कापण्याच्या कामावर परत घेईल. पती मोतीलाल यांचेही म्हणणे होते की, कशाला ताणतेस. काल रात्री त्यांनी मला विचारले, त्या विमानाने बॉम्ब टाकला असता तर तूही मचाणावर होतीस ना? मी होय म्हटले. आज तेच मला सायकलवर बसवून येथे घेऊन आले आहेत आणि बाहेर उभे आहेत.

मी माफीनामा लिहून देणार नाही. नवल यांचे मनगट सुजले त्याचे मला वाईट वाटते, परंतु मारल्याचे वाटत नाही. त्याबद्दल जो काही कायदा असेल तो माझ्यावर चालवावा, मी तारखेला हजर राहीन. गवत कापण्याचे काम मला नको. मला पश्चिमेचा कोपरा परत हवा. पुढचा सराव होईल तेव्हा त्या मचाणावर दुसरा माणूस उभा केला, तर मी कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर माझे स्वतःचे लाल लुगडे घेऊन उभी राहीन. रस्ता सरकारी आहे, तेथे उभे राहायला परवाना लागत नाही. हे मी रागाच्या भरात सांगत नाही, शांतपणे सांगत आहे. तसेच लिहावे.

वरील मजकूर आपण मला मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या वाचनात 'गैरसमजातून लाल निशाण दाखवले' असे शब्द आले. ते माझे नाहीत, म्हणून खोडायला लावले आणि त्याजागी 'जाणूनबुजून' असे लिहवून घेतले. पुन्हा वाचून दाखवला तेव्हा मी बोलले तसाच निघाला. खाडाखोड झाली आहे ती माझ्या सांगण्यावरून झाली असून तिच्याशेजारी आणि खाली, दोन्ही ठिकाणी मी सही केली आहे.

सही
लिलाबाई मोतीलाल बैसाणे

समक्ष
पोलीस हवालदार, बोरमाळ दूरक्षेत्र