चुन्याच्या रेघेवरचा म्हसोबा

टोकाचा टवका उडालेला बानूबाईचा वरवंटा सकाळपासून सापडत नव्हता. चटणी तशीच ठेवून ती सेलूच्या गल्लीतल्या नळाला घागर लावून बसली. शेजारच्या कस्तुराबाईच्या ओट्यापाशी रस्ता रुंद करायला आलेला ओव्हरसियर तिच्याशी आवाज चढवून बोलत होता.

“काल इथं चुना मारला, तेव्हा हा शेंदराचा देव नव्हता.”

“तुमची नजर चुन्यावर व्हती, साहेब. आमी म्हसोबाला लय दिसापासून पुजायलोत.”

“शेंदूर अजून ओला आहे, बाई.”

“आजच चढवलाय. शनिवार हाय.”

“ओटा पाडायच्या दिवशीच बरा प्रकट झाला!”

“देव काय हापिसात इचारून येतो व्हय?”

“उचला तो धोंडा.”

“तुमीच उचला की. लेकरंबाळं हायत ना तुमाला?”

ओव्हरसियरनं पुढं केलेला हात मागं घेतला आणि तो नळाकडं वळला.

“मावशी, तुम्ही शेजारच्या. खरं सांगा, हा इथलाच का?”

बानूबाईनं वाकून देव निरखला. टोकाचा टवका शेंदरानं बुजला नव्हता. मग तिनं चुन्याची रेघ पाहिली. ती पुढं तिच्याच ओट्यावरून गेली होती.

तिनं हात जोडले.

“व्हय साहेब. माझ्या सासूच्या वक्तापासूनचा हाय.”