रशीदचाचांची कबुली

गुन्हा कबूल करणारे मी रोज बघतो, पण आमचे टेम्पोवाले रशीदचाचा वेगळेच निघाले, राव! अक्कलकोट रोडला त्यांच्या टेम्पोचा धक्का लागून एका बाईंचा पाय मोडला. मी त्यांचा वकील.

कोर्टात कानात सांगितलं, "बाईंना मागून धक्का बसला, दुसऱ्या कुणी बघितलं नाही. कबूल करू नका, सुटाल."

चाचा सरळ म्हणाले, "गुन्हा कबूल."

न्यायाधीश मॅडमनी थांबवलं. "कबूल केलंत तर खटला लढायचा, साक्षीदारांना प्रश्न विचारायचा हक्क जाईल. शिक्षाही होऊ शकते. काय सोडताय, कळतंय?"

"कळतंय की, मॅडम. वकीलसाब म्हणतात, कुणी बघितलं न्हाय. पण मी बघितलंय की!"

आता या साक्षीदाराची उलटतपासणी मी कशी घेणार?