कोंडवाड्यात घेतलेलं नाव

हसू नका, पण मी माझीच गाय कोंडवाड्यात घातली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी बायको मला नुसतं "अवो" म्हणायची. तिच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकायची मला भारी हौस. आणि मोकाट जनावर पंचायतीच्या कोंडवाड्यातून सोडवायचं तर मालकाचं नाव सांगावं लागे. तिथला शिपाई भिकू माझा दोस्त. त्याला शिकवून ठेवलं आणि मी तिथल्या दगडी गडग्याआड लपलो.

बायको आली. भिकू हापिसातल्या मराठीत म्हणाला, "बाई, मालकाचे नाव सांगा."

"मेल्या, काल माझ्या घराक जेवलंस मा? तुका नाव ठावक नाय?"

"माका ठावक आसा. पंचायतीक ठावक नाय."

"मगे सांग पंचायतीक, माझ्या झिलाचो बापूस."

"असे मुलांचे बापूस गावात पुष्कळ आहेत, बाई."

एवढ्यात गाय हंबरली. घरी वासरू उपाशी होतं. बायकोनं भिकूकडे पाठ फिरवली आणि गायीच्या कानाशी हळूच म्हणाली, "सांग गो तेका, आत्मारामाची म्हणान."

गडग्याआड मी हसायचंच विसरलो.

"आयकलास मा तुमी? आता भायर येवा. टोपी दिसता!"

परत काही तिनं नाव घेतलं नाही. आता तीच नाही. नातवंडं मला आजो म्हणतात, गाव तात्या म्हणतो. उद्या पंचायतीनं मलाच मोकाट म्हणून कोंडलं, तर नाव सांगून घरी न्यायला कोण येणार, सांगा!